भिवराबाईच्या तलंगा

शिरूरहून सिंदफणा नदीच्या काठानं वर गेलं की एक वाडी लागायची. तिथं कोंबड्या घरोघरी होत्या. पण खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची झाली, की बायका ओटीत अंडी घेऊन भिवराबाईच्या दारात यायच्या. भिवराबाई एकेक अंडं तळहातावर जोखायची, उन्हाकडं धरून बघायची आणि बारकी अंडी बाजूला काढायची.

"ही तलंगांची हायेत. कालवणाला घ्या. ह्यांच्यावर कोंबडी बसवू नका."

तलंग म्हणजे नुकतीच अंड्यावर आलेली कोवळी कोंबडी. तिचं अंडं बारकं असतं हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. का असतं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. भिवराबाईनं ते विचारलं होतं, आणि उत्तर मिळायला तिच्या आयुष्यातली बरीच वर्षं गेली होती.

ती ह्या घरात नांदायला आली तेव्हा तिची उंचीसुद्धा भरली नव्हती. लग्नातली चोळी दर सणाला उसवून सैल करावी लागायची. सासू मंजुळाबाईनं तिच्या ताब्यात कोंबड्या दिल्या. सकाळी खुराडं उघडायचं, कण्या टाकायच्या, संध्याकाळी सगळ्या मोजून आत घ्यायच्या. त्या पावसाळ्यात निघालेल्या दोन तलंगा थंडीत अंड्यावर आल्या. पहिलं अंडं कबुतराच्या अंड्याएवढं, वर रक्ताची बारीक रेघ. सासूनं ते बघितलं आणि नाक मुरडलं.

"असलं अंडं घरात ठिवू नये. घराची बरकत जाती. फेकून दे उकिरड्यावर."

भिवराबाई उकिरड्यापर्यंत गेली, पण अंडं फेकवेना. पोटात भूक होती. तिनं ते चुलीच्या राखेत भाजलं आणि खाल्लं. चव इतर अंड्यांसारखीच होती. घराची बरकतही कुठं गेली नाही. त्या दिवसापासून सासू सांगते ते सगळंच खरं नसतं, असं तिला वाटायला लागलं.

पुढं तिनं तलंगांची अंडी लपवून साठवली आणि त्यांतलीच एक खुडूक झाली तेव्हा तिच्याखाली ठेवली. काही अंडी नासली. काहींतून पिल्लं निघाली, पण इतकी बारकी की आईच्या मागं त्यांना पळवेना. चिखलात एखादं अडकायचं, एखादं दुसऱ्यांच्या पायाखाली यायचं. पोळ्याच्या आत सगळी गेली. मंजुळाबाई म्हणाली, कोंबडीच अवलक्षणी आहे, कापून टाका. भिवराबाईनं हट्टानं ती ठेवून घेतली. पावसाळा गेला, कोंबडीची पिसं झडली, नवी आली, आणि नंतर त्याच कोंबडीनं चांगली मूठ भरेल एवढाली अंडी दिली. कोंबडी तीच, खुराडं तेच, कण्या त्याच. मधे फक्त एक वर्ष गेलं होतं.

त्याच सुमाराला तिला पहिलं मूल झालं. मुलगा होता. सुईणीनं त्याला कापसात गुंडाळून सुपात ठेवलं, कारण हातात धरायलाही भीती वाटावी इतका तो बारका होता. दूध ओढायची ताकद त्याच्या ओठांत नव्हती. भिवराबाई पडल्या पडल्या सुपाकडं बघत राहायची. आठवडा भरायच्या आत सूप रिकामं झालं. मंजुळाबाई म्हणाली, देवाची मर्जी. पुढच्या वेळीही देवाची तीच मर्जी झाली. मग काही वर्षं गेली, भिवराबाईचे खांदे रुंद झाले, भरली घागर ती एका झटक्यात उचलायला लागली, आणि तेव्हा सत्यभामा झाली. जन्मताच पोरीनं असा टाहो फोडला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

लोक म्हणाले, नवस फळला. भिवराबाईनं हो म्हटलं. पण तिच्या मनात काही वेगळंच ठुसठुसत होतं.

ते उलगडलं म्हसोबाच्या जत्रेला. त्या दिवशी तिच्या हातानं दोन कोंबड्या साफ झाल्या, एक जुनी आणि एक तलंग. जुन्या कोंबडीच्या पोटात बलकांचा घोस होता, वरचा बलक पिकल्या लिंबाएवढा. तलंगेच्या पोटातही तसाच घोस होता, पण मोठ्यातला मोठा बलक बोराएवढा, बाकीचे मोहरीचे दाणे. अंडं ज्या नळीतून बाहेर येतं ती जुनीची बोटभर जाड, तलंगेची सुतळीसारखी. भिवराबाई विळीवर बसून त्या दोन्हींकडं बघत राहिली. बलकच बारका, तर त्याच्यावर चढणारं अंडं मोठं कुठून होणार? आणि बलक तरी कसा भरणार? तलंग स्वतःच अजून वाढत असते. खाल्लेलं आधी तिच्या हाडांना लागतं, पिसांना लागतं. उरेल तेवढं अंड्यात उतरतं.

तिला सुपातलं ते मूल आठवलं. तिनं हात धुतले, कालवण केलं, पाहुण्यांना वाढलं. कुणाला काही बोलली नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट तिच्या मनात बसली ती बसलीच.

सत्यभामेचं लग्न मंजुळाबाईनं ती सहा वर्षांची असतानाच लावून टाकलं. सून काय म्हणते हे विचारायची रीत नव्हती. मुलगा बद्रीनाथ, लिंबागणेशच्या बाजूचा. त्याचा बाप त्रिंबक चांगला शेतकरी होता, काळी जमीन, दोन बैलजोड्या. लग्नानंतर पोरगी माहेरीच राहिली, मोठी झाली की नांदायला न्यायची, असं ठरलं होतं. पुढं मंजुळाबाई वारली. सत्यभामेचं तेरावं सरत आलं, ती शहाणी झाली, पहिलं न्हाण आलं, आणि त्याची बातमी बीडच्या बाजारातून लिंबागणेशला पोचायला वेळ लागला नाही. संक्रांत झाल्यावर त्रिंबक स्वतः बैलगाडी घेऊन आला. गाडीत सुनेसाठी हिरवं लुगडं होतं.

नेमका त्याच्या आदल्या दिवशी गिरदावराचा मुक्काम शिरूरला पडला होता. निजामाचा अंमलदार दौऱ्यावर आला की गावोगावी शिपाई फिरायचे आणि लाकूडफाटा, दूध, कोंबड्या, अंडी गोळा करून न्यायचे. भिवराबाईच्या दारातल्या शिपायानं मोठी अंडी तेवढी निवडून टोपलीत भरली. तलंगांच्या अंड्यांकडं बघून तो म्हणाला, "ये क्या, चिडिया के हैं?" आणि ती तशीच ठेवून गेला. म्हणून दुसऱ्या दिवशी व्याही जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटात बारक्या अंड्यांचं कालवण आलं.

त्रिंबक दिलखुलास माणूस होता. त्यानं एक अंडं बोटांत धरून शहादेवाला दाखवलं. शहादेव म्हणजे भिवराबाईचा नवरा, स्वभावानं भिडस्त.

"इवाई, कोंबड्या पाळल्यात का चिमण्या?"

शहादेव ओशाळून हसला. आतून भिवराबाईचा आवाज आला. "मोठी सारी गिरदावराच्या मुक्कामाला गेली, इवाई. ही तलंगांची हायेत."

"मंग बराबर हाय." त्रिंबकानं भाकरी मोडली. "तलंग हीच अजून वाढतीय. तिच्या अंगालाच पुरत न्हाई, तर अंड्यात कुठनं उतरावं? एक साल जाऊ द्या, हीच कोंबडी भरून अंडी देती का न्हाई बघा."

"एक साल थांबावं म्हणता?"

"थांबायाच लागतंय. कोंबडीला घाई करून भागतंय व्हय?"

भिवराबाई दाराआडून पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"मंग आमची सत्यभामा बी औंदा येत न्हाई, इवाई. ती बी अजून वाढतीय."

त्रिंबकाला आधी वाटलं, विहीण चेष्टा करते आहे. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याचा घास हातातच राहिला.

"कोंबडीची अन् लेकीची बराबरी करता तुमी?"

"बराबरी न्हाई करत. कोंबडीला तुमी एक साल द्याया तयार हाव. लेकीला मी दोन मागते."

"ते कावून? शहाणी झालीय ना पोरगी?"

"मी बी झालते. दोन लेकरं सुपात घालून दिली मी. ती का गेली ते मला म्हाईत हाय."

शहादेव खाली मान घालून बसला होता. त्रिंबकाचा आवाज चढला नाही, पण हसू गेलं. "इहीणबाई, माझी बायको कंबर धरून बसलीय. ल्योक अन् मी दोघं गडी. सुगी तोंडावर आली. घरात बाईमाणूस पायजे. पोरगी कामाला हात लावील, बाकीचं मागाहून बघू."

"बाकीचं मागं राहत नसतं, इवाई."

त्रिंबकानं ताटात हात धुतला. लुगड्याची घडी तशीच गाडीत राहिली. बैल जुंपताना त्यानं शहादेवाला सांगितलं, "पोराला दुसरी बघतो मंग. माझ्या नावानं बोंब नगा मारू."

गाडी दिसेनाशी झाली आणि शहादेवाचा भिडस्तपणा संपला. तो दारातच उभा राहून बायकोला म्हणाला, "त्यानं दुसरी केली म्हंजी? पोरीनं जलमभर आपल्या दारात बसायचं? हाय का जवाब?"

त्रिंबक बोलल्यासारखं करू शकला असता, आणि तसं झालं असतं तर सत्यभामेला नवऱ्याच्या नावाचं कुंकू आणि बापाच्या घरची भाकरी, एवढंच राहिलं असतं. हे भिवराबाईलाही कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "जिती राहील. जिती राहिली तर पुढचं बघता येतं." त्यानंतर शहादेवानं तिच्याशी बोलणं टाकलं. काही हवं असलं तर तो सत्यभामेला सांगायचा, आणि सत्यभामा ते आईकडं जाऊन मागायची.

वाडीत चर्चा झाली. भिवराबाई पाणवठ्यावर आली की बायका घागरी उचलून वाटेला लागायच्या. शेवटी भगवानरावांनी चावडीवर बोलावणं धाडलं. वाडीची निम्मी जमीन भगवानरावांची होती, त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी शहादेवाला समोर बसवलं, भिवराबाई भिंतीच्या कडेला उभी राहिली.

"शहादेवा, इवायाला ताटावरनं उठवून लावतेत काय?" भगवानराव म्हणाले. "उद्या आपल्या वाडीची पोरगी कोण करील? सुगीच्या आत पोरीला पोचती कर."

शहादेवानं मान हलवली. तेवढ्यात भिवराबाई बोलली.

"मालक, एक विचारते. तुमच्या थोरल्या लेकीचं पहिलं लेकरू कुठं हाय?"

चावडीवर बसलेल्यांनी एकमेकांकडं बघितलं. ती पोर चौदाव्या वर्षी बाळंत झाली होती. लेकरू गेलं आणि तिच्या पायांत पुन्हा बळ आलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, पण भगवानरावांच्या तोंडावर ते आजवर कुणी काढलं नव्हतं. भगवानरावांनी पागोटं सारखं केलं आणि पहिल्यापेक्षा कडक आवाजात तेच सांगितलं. "सुगीच्या आत. माझं बोलणं झालं."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना भिवराबाईनं जवारीचं पीठ, मीठ, चटणी आणि एक तवा फडक्यात बांधला. टोपलीत तीन जाणत्या, भरल्या अंगाच्या कोंबड्या घातल्या आणि वर जाळी बांधली. शहादेव उठला तेव्हा ती निघायच्या तयारीत होती. इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलला.

"कुठं निघालीस?"

"इवायाच्या घरी. त्यांना सुगीला हात पायजेत. पोरीच्या हातापरीस माझे हात दणकट हायेत."

"येड लागलं का तुला? लेकीच्या घरचं आपुन पाणी बी पीत न्हाई. अन् तू राबाया जाणार? लोक थुंकतील."

"पाणी त्यांचं पिणार न्हाई मी. वढ्याचं पिईन. भाकरी माझी मी करीन." तिनं टोपली डोक्यावर घेतली. "आपली जवारी हलक्या रानातली, ती तुमच्या दोघांनी निघंल. कोंबड्या छबुबाई बघंल. म्या सांगितलंय तिला."

छबुबाई शेजारीण. तिलाही दोन लेकी होत्या.

बाजारकऱ्यांच्या सोबतीनं भिवराबाई बीडला आली, एका ओळखीच्या बाईच्या ओसरीवर पाठ टेकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबागणेशच्या पुढं त्रिंबकाच्या वस्तीवर पोचली. त्रिंबक खळं सारवायला शेण कालवत होता. विहीण एकटी, डोक्यावर टोपली, बघून तो उभा राहिला.

"सत्यभामा?"

"ती न्हाई आली. मी आले."

"कावून?"

"सुगी कराया. तुमाला बाईमाणूस पायजे म्हणलात ना? हे घ्या."

"गावात तोंड दाखवू का नको मी?" त्रिंबक चिडला. "इहिणीला राबवतो म्हणतील. जावा माघारी."

भिवराबाईनं टोपली दारातल्या लिंबाखाली उतरवली आणि तिथंच बसली. ती उठेना, त्रिंबक आत जाऊ देईना. एवढ्यात घरातून आवाज आला. त्रिंबकाची बायको वत्सलाबाई भिंतीला धरत धरत उंबऱ्यापर्यंत आली होती. चाळिशीही झाली नसेल, पण कंबर वाकलेली होती.

"येऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "नुसत्या दोन कोसांवरनं न्हाई आल्या त्या."

भिवराबाईनं कोंबड्या वत्सलाबाईच्या हवाली केल्या. "ह्यांची अंडी तुमी खायाची, इहीण. अंगात जरा बळ यील." आणि लिंबाखाली तीन दगड मांडून तिनं आपली चूल पेटवली.

सुगीभर ती तिथं होती. सकाळी दळण, शेणकूर, दुधाची धार, मग रानात. काळ्या रानातली जवारी डोक्याच्या वर गेलेली. काढणीला ती पुरुषांच्या ओळीत बसली आणि मागं राहिली नाही. मग खुडणी, मग खळ्यावर मळणी. पहिले काही दिवस गावातल्या बायका निमित्त काढून तिला बघायला यायच्या, पदराआड हसायच्या. व्याह्याच्या घरी राबणारी विहीण त्यांनी कधी बघितली नव्हती. एकीनं तोंडावर विचारलंच, "लेकीत काही खोट हाय का, बाई? धाडत न्हाईस ती?" भिवराबाई कणसं खुडता खुडता म्हणाली, "खोट न्हाई. कोवळी हाय. कोवळं कणीस तुमी खुडत न्हाई ना?" बाई निघून गेली. बद्रीनाथ जवळच पेंढ्या बांधत होता. अठरा वर्षांचा, लाजरा गडी. तो सासूशी बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून जड पेंढ्या तिच्या वाट्याला येऊ देईना.

वत्सलाबाई मात्र दुपारची ओट्यावर येऊन बसायची. सुरुवातीला नुसती बसायची, मग बोलायला लागली. एका दुपारी भिवराबाई तिच्या पाठीला तेल चोळत होती.

"इहीण, मी बी अशीच कोवळी आलते ह्या घरात," वत्सलाबाई म्हणाली. "पहिल्या बाळंतपणात तीन रोज अडले. पोर मेलेली निघाली. तवापासनं ही कंबर सरळ झाली न्हाई. ह्यांना वाटतंय, मला दुखणं मागनं लागलं. कसं सांगावं?"

"सांगा की."

"इतक्या सालांनी?"

"मला तरी कुठं सांगता आलं? आमच्या इवायांनी कोंबडीचं काढलं म्हणून तोंड उघडलं माझं."

वत्सलाबाईनं ते त्याच संध्याकाळी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्रिंबकाचं कामात लक्ष नव्हतं. मळणीचे बैल तो गोल फिरवत होता आणि मधेच थांबत होता. दोन दिवसांनी तो पागोटं बांधून कुठंतरी बाहेर गेला, उन्हं कलल्यावर परत आला, आणि खळ्याच्या कडेला भिवराबाईपासून थोड्या अंतरावर बसला.

"पोराला दुसरी बघाया गेलतो," तो म्हणाला.

भिवराबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"पोरगी पुढं आणली त्यांनी. ती बी तुमच्या सत्यभामेएवढीच निघाली. तिच्या अंगावरचं लुगडं तिच्या आईचं व्हतं, पायात येत व्हतं." त्यानं जमिनीवरचा एक दाणा उचलून राशीत टाकला. "माघारी आलो. किती साल म्हणलात तुमी?"

"पुढल्या दोन सुग्या. तवर तिची उंची भरंल."

"अन् तवर माझ्या घरात काम कुणी करायचं?"

"दोन्ही सुग्यांना मी यीन."

त्रिंबकानं तिच्या हातांकडं बघितलं. जवारीच्या पात्यांनी ते कोपरापर्यंत ओरखडले होते. "कबूल," तो म्हणाला. "पर लिंबाखाली भाकरी नगा करू. लोक मलाच नावं ठिवतेत. आतल्या चुलीवर करा, पीठ तुमचंच राहू द्या."

खळं उरकत आलं तेव्हा शहादेव उसनी गाडी घेऊन आला. तो दारात आला तेव्हा भिवराबाई वाऱ्यावर धान्य उपणत होती, आणि वारा पडल्यामुळं तिला जमत नव्हतं. शहादेवानं थोडा वेळ बघितलं. मग गाडीतली घोंगडी काढली, तिची दोन टोकं बद्रीनाथाच्या हातात दिली, दोन आपण धरली आणि दोघं मिळून वारा घालायला लागले. रास स्वच्छ होईपर्यंत दोघं थांबले नाहीत. वाटेनं परत येताना शहादेवानं विचारलं, "हात दुखतेत का?" ती म्हणाली, "दुखतेत." एवढंच. त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

भिवराबाई पुढच्या सुगीला गेली आणि त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या वेळी वाडीतले लोक हसले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, इवायाची जवारी कशी हाय. भगवानरावांनी मात्र शहादेवाच्या घरी येणं-जाणं तोडलं ते तोडलंच. त्यांच्याकडच्या लग्नाचं आवतण पुढची कैक वर्षं ह्या घराला आलं नाही. शहादेवाला ते खुपायचं, भिवराबाईलाही थोडं खुपायचं.

तिसऱ्या सुगीनंतर सत्यभामा नांदायला गेली. तेव्हा ती आईपेक्षा चार बोटं उंच होती. भरली घागर कडेवर घेऊन चढ चढायची आणि वर दम खात नसे. जाताना ती रडली, भिवराबाईही रडली, पण गाडी हलायच्या आधी भिवराबाईनं तिच्या चोळीची शिवण ओढून बघितली. चोळी दोन दिवाळ्यांपूर्वीची होती आणि अजून अंगाला बरोबर बसत होती.

पहिल्या बाळंतपणाला सत्यभामा माहेरी आली. सुईण आली. भिवराबाईनं पाणी तापवायला ठेवलं ते दोनदा उतू गेलं. शहादेव बाहेर गोठ्यात बैलाला नुसताच खाजवत बसला होता. दुपार कलता कलता मुलगी झाली, गुबगुबीत, मुठी आवळलेली. सुईणीनं तिला नुसत्या फडक्यात गुंडाळून आजीच्या हातात दिलं. त्रिंबकाला नातू हवा होता, तो जरा हिरमुसला, नातीला बघायला लगेच आला नाही. वत्सलाबाई आली. कंबर धरत, गाडीतून, एवढ्या लांब.

वाडीत ह्या गोष्टीचा सगळ्यांनीच धडा घेतला असं काही झालं नाही. बहुतेक पोरी तशाच तेराव्या-चौदाव्या वर्षी जात राहिल्या. छबुबाईनं थोरलीला एक साल थांबवलं, तर तिच्या व्याह्यांनी खरंच दुसरी आणली, आणि थोरलीचे हाल झाले. छबुबाई भिवराबाईच्या दारात येऊन रडली. भिवराबाईनं तिला आत घेतलं. मग ती स्वतः छबुबाईबरोबर त्या व्याह्यांकडं तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला त्यांनी पोरीला घरात घेतलं, तेही मोठ्या मनानं नाही.

मग एका वर्षी भगवानरावांच्या धाकट्या लेकीला न्यायला पाहुणे आले. खासे पाहुणे, छत्रीवाले. दोन दिवस पाहुणचार झाला आणि ते रिकाम्या गाडीनं परत गेले. पुढच्या संक्रांतीलाही तसंच झालं. भगवानराव चावडीवर सांगायचे, पोरीला बारीक ताप येतो, हकीम म्हणतो एवढ्यात धाडू नका. पोरगी रोज पाणवठ्यावर यायची, खळखळून हसायची. तापात तिला वाडीत कुणी बघितलं नव्हतं.

बायकांनी हे भिवराबाईला येऊन सांगितलं. आता ती खुश होईल, काही टोमणा मारील, अशी त्यांची अपेक्षा होती. भिवराबाई खुराड्यापुढं कण्या टाकत होती.

"ताप हाय म्हणतेत तर असंल," ती म्हणाली. "तापाच्या पोरीला गाडीत बसवत नसतेत. अन् तुमी बी पाणवठ्यावर ह्याच्यावर हसू नगा."

बायका हसल्या नाहीत.